बायकांनी ऑफिसात एकत्र काम कसं करायचं? मैत्री नसली तरी चालेल, पण काही गोष्टी आधी ठरवून घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे: आठ जणांची टीम, त्यात पाच बायका, सगळ्या आपापल्या कामात चोख, एकमेकींशी बोलायला पण छान, पण काम एकत्र करायची वेळ आली की काहीतरी अडतं. मीटिंगमध्ये एकीने मांडलेली गोष्ट दुसऱ्याच कुणाच्या नावावर जाते, किरकोळ कामं त्याच त्या दोघींच्या गळ्यात पडतात, आणि एका रिपोर्टवरून दोघींचं वाजलं तेव्हापासून त्या शेजारी बसून एकमेकींना मेल करतात. वर साहेब म्हणतात "बायकांचं असंच असतं, होईल नीट". विचारणारी नुकतीच टीमची लीड झालीये आणि तिला हवंय की आम्ही नक्की काय करायचं ते सांगा.

मी बरीच वर्षं प्रोजेक्ट टीम चालवल्या, आणि आता इतरांच्या टीम कुठे अडकतात ते शोधून द्यायचंच काम करते, त्यामुळे उत्तर लांब होणार आहे, सवडीने वाचा.

आधी साहेबांचं वाक्य बाजूला काढू कारण ते डोक्यात राहिलं तर बाकी काही सुचणार नाही. 2013 मध्ये शेपर्ड आणि अक्विनो या दोन संशोधकांनी लोकांना ऑफिसातल्या भांडणाचा एक प्रसंग वाचायला दिला, प्रसंग तोच, फक्त नावं बदलली, कुठे दोन पुरुष, कुठे दोन बायका, कुठे एक पुरुष एक बाई. दोन बायकांचं भांडण असलं की लोकांना वाटलं हे आता मिटणं अवघड, यांचे संबंध कायमचे बिघडले. भांडण तेच होतं हो! म्हणजे दोन पुरुष एकमेकांवर ओरडले की तो कामातला मतभेद आणि दोन बायका जराशा तुटक बोलल्या की तो स्वभाव, हा हिशोब बघणाऱ्याच्या डोळ्यात असतो. मला सगळ्यात वाईट याचं वाटतं की आपण बायकासुद्धा तसंच बघतो. "मला बाबा पुरुष बॉसच बरा" हे वाक्य मी बायकांच्याच तोंडून जास्त ऐकलंय.

वर पोचलेली बाई खालच्या बायकांना दाबते, याला 'क्वीन बी' म्हणायची पद्धत 1970 च्या दशकापासून आहे. अशा बायका असतात, नाही असं मी म्हणणार नाही. पण बेले डेर्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेदरलँड्समधल्या पोलीस खात्यातल्या वरिष्ठ बायकांवर काम केलं त्यात दिसलं की हे वागणं सरसकट सगळ्यांचं नसतं. ज्या बायकांना स्वतःचं बाईपण फारसं जवळचं वाटत नव्हतं, त्यांना कामावर झालेल्या भेदभावाची आठवण करून दिली की त्या इतर बायकांपासून आणखी लांब व्हायच्या, "मी त्यांच्यातली नाही" हे दाखवायला. आणि रोझाबेथ मॉस कँटर यांनी 1977 मध्येच सांगून ठेवलंय की एखाद्या गटात बायका अगदी मूठभर असल्या की प्रत्येकीकडे 'बायकांचा नमुना' म्हणून बघितलं जातं. वरती बाईसाठी एकच खुर्ची आहे असं सगळ्यांनी धरून चालल्यावर दोघी एकमेकींकडे कशा बघणार? तेव्हा तुमच्या टीममध्ये काही खटकलं की पहिला प्रश्न "ही अशी का वागते" हा नको, "इथे असं कोणतं काम किंवा कोणती जागा आहे जी एकीलाच मिळणार आहे" हा विचारा. निम्म्या वेळा तिथेच उत्तर मिळतं.

आता माझं मुख्य म्हणणं. बायकांच्या एकत्र कामाबद्दल जे काही बोललं जातं ते सगळं एकमेकींना समजून घ्या, आधार द्या, बहिणीसारख्या राहा अशा धर्तीवर असतं. मला हे पटत नाही. ज्या बाईशी तुमचं अजिबात जमत नाही तिच्याबरोबर पण उत्तम काम होऊ शकतं, आणि जिवलग मैत्रिणीबरोबर कामाची पार वाट लागू शकते, कारण मैत्रिणीला "तुझा भाग उशिरा आला" हे सांगायला जीभ रेटत नाही. लागतं ते एवढंच की काही गोष्टी आधी स्पष्ट बोलून ठरवलेल्या असाव्यात: कोणाचं नाव कुठे येणार, कोणी न मागितलेली कामं कोण करणार, आणि पटलं नाही तर कोणाला काय सांगायचं. मैत्री झाली तर झाली, वरची मिळकत समजा.

मीटिंगपासून सुरू करते कारण तिथे फरक लगेच दिसतो. ओबामांच्या काळात व्हाइट हाउसमध्ये काम करणाऱ्या बायकांनी एक युक्ती केली होती, 2016 मध्ये वॉशिंग्टन पोस्टने ती छापली तेव्हा सगळीकडे पसरली. सुरुवातीला तिथे वरच्या सल्लागारांत पुरुष बरेच जास्त होते, बायकांचं बोलणं विरून जायचं. मग त्यांनी ठरवलं की एकीने महत्त्वाचा मुद्दा मांडला की दुसरीने तो परत म्हणायचा, आणि म्हणताना पहिलीचं नाव घ्यायचं. बस एवढंच. अध्यक्षांच्या पण ते लक्षात आलं आणि ते बायकांना जास्त विचारायला लागले असं त्या बातमीत होतं.

ऐकायला सोपं आहे पण करताना लोक त्याची वाट लावतात. नुसतं "हो हो ती बरोबर म्हणतेय" करून काही होत नाही, उलट दोघी ठरवून आल्यात असं दिसतं. मुद्दा पुढे न्यावा लागतो. म्हणजे "मघाशी तिने टेस्टिंग आधी करायचं म्हटलं (इथे तिचं नाव घ्या, 'ती' नको), तसं केलं तर माझ्याकडचं काम चार दिवस आधी सुरू होईल, तेव्हा ते आजच ठरवून टाकू". आता तो मुद्दा तिच्या नावानिशी मिनिट्समध्ये जाणारच. आणि एखाद्याने तोच मुद्दा दहा मिनिटांनी स्वतःचा म्हणून मांडला तर चिडायचं नाही, टोमणा मारायचा नाही, सरळ "बरोबर, हेच ती सांगत होती, तर आता ती आणि तुम्ही मिळून बघाल का" म्हणायचं. त्याचा अपमान होत नाही आणि क्रेडिट जागेवर जातं. हे स्वतःसाठी करणं फार जड जातं, दुसरीसाठी करणं सोपं, म्हणून तर दोघी लागतात.

यात दोन अटी. एक, मुद्दा पटला नसेल तर उचलून धरू नका, बाई आहे म्हणून पाठिंबा दिला की दोघींची पण किंमत जाते. दुसरी, मीटिंगच्या आधी पाच मिनिटं बोलून घ्या की आज कोण काय मांडणार आहे. पुरुष हे कायम करतात, कॉरिडॉरमध्ये, लिफ्टमध्ये, आणि त्याला कोणी कट म्हणत नाही.

क्रेडिटचा विषय मीटिंगपुरता नाही, आणि इथे मला जरा जास्त लिहायचंय. हेदर सार्सन्स यांनी अमेरिकेतल्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांच्या नोकरीत कायम होण्याचा अभ्यास केला. एकट्याने पेपर लिहिला तर स्त्री पुरुष दोघांना त्याचा सारखाच फायदा. पुरुषाने कुणाबरोबर लिहिला तरी त्याचा फायदा जवळपास तसाच राहतो. पण बाईने पुरुषाबरोबर लिहिला की तिचा फायदा खूप घसरतो, लोक धरून चालतात की डोकं त्याचं. आणि बाईने बाईबरोबर लिहिला तर ही घसरण फारशी दिसत नाही. म्हणजे "टीमवर्क करा" हा सल्ला सगळ्यांना एकाच भावात पडत नाही.

म्हणून ऑफिसात काय करायचं तर काम सुरू होतानाच लिहून ठेवायचं की कुठला भाग कोणाचा. फाइलच्या पहिल्या पानावर नावं आणि नावापुढे भाग. काम संपल्यावर नाही, सुरू होताना, कारण संपल्यावर सगळ्यांना आपलंच काम मोठं वाटतं आणि ते साहजिक आहे. प्रेझेंटेशन असेल तर ज्याने जो भाग केला तोच तो बोलणार हे आधी ठरवा, "ती चांगली बोलते म्हणून तीच सगळं बोलेल" असं झालं की पुढच्या अप्रेझलला तीच दिसणार, आणि मग कुरबुरी सुरू. आणि कृपा करून ते "आम्ही सगळ्यांनी मिळून केलं" बंद करा. मोठेपणा म्हणून ठीक आहे, पण बॉसला त्यातून काही कळत नाही. "डेटा मी साफ केला, मॉडेल तिने केलं, क्लायंटशी बोलणं तिसरीने सांभाळलं" असं सांगा, यात तिघींचं पण नाव झालं आणि खोटं काहीच नाही. सीनियरला मेल टाकताना जिचं काम तिला सीसीमध्ये ठेवा आणि पहिल्या दोन ओळींत तिचं नाव येऊ द्या, लोक तिसरी ओळ वाचत नाहीत.

आता ती किरकोळ कामं. मिनिट्स लिहिणं, नवीन माणसाला सिस्टम दाखवणं, फेअरवेल ठरवणं, कुठल्यातरी कमिटीवर बसणं. लिंडा बॅबकॉक, लिसे वेस्टरलुंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये यावर प्रयोग छापला, ज्या कामाने प्रमोशन मिळत नाही ते काम कोण उचलतं. मिश्र गटात बायका पुरुषांपेक्षा 48 टक्के जास्त वेळा हात वर करत होत्या. दुसऱ्या प्रयोगात कोणाला विचारायचं हे मॅनेजरवर सोडलं तर मॅनेजरने बायकांना 44 टक्के जास्त वेळा विचारलं, मॅनेजर बाई असो की पुरुष, आणि विचारल्यावर बायकांपैकी 76 टक्के हो म्हणाल्या, पुरुषांपैकी 51. पण यातली खरी मजेची गोष्ट पुढे आहे. गट फक्त पुरुषांचा केला की पुरुष पण तितकेच हात वर करतात, फक्त बायकांचा गट आणि फक्त पुरुषांचा गट यात फरक राहिला नाही. म्हणजे बायकांना ही कामं आवडतात वगैरे काही नाही, सगळ्यांनी मनात धरलेलं असतं की बाई उचलेल, त्या बाईने पण.

यावर सगळीकडे एकच सल्ला मिळतो, "नाही म्हणायला शिका". माझं याच्याशी मोठं भांडण आहे. तुम्ही नाही म्हणालात की ते काम हवेत विरत नाही, ते शेजारच्या बाईकडे जातं, बहुतेक वेळा तुमच्यापेक्षा ज्युनियर. ती नाही म्हणू शकत नाही. आणि मग ती तुमच्यावर चिडते, कामावर नाही. बायकांमधल्या अर्ध्या कुरबुरींचं मूळ मला इथेच दिसलंय, एकीने स्वतःला सोडवून घेतलं आणि दुसरी अडकली. म्हणून नाही म्हणायचं ते एकटीने नाही, पद्धत बदलून. दोन महिने ही सगळी कामं एका शीटवर लिहा, काय काम, कोणी केलं, किती वेळ गेला. कुणावर आरोप नको, नुसती नोंद. मग ती शीट मॅनेजरसमोर ठेवून म्हणा की हे आता पाळीने करू, आठही जणांनी, आडनावाच्या क्रमाने किंवा चिठ्ठ्या टाकून. "कोण करेल?" हा प्रश्न मीटिंगमध्ये विचारणंच बंद करायचं, कारण त्या प्रश्नानंतरची शांतता सहन न होणारी व्यक्ती नेहमी तीच असते. तुम्ही लीड आहात ना, मग हे तुमच्या हातात आहे, उद्यापासून करू शकता.

रजेचं पण असंच. मुलांच्या आजारपणात, घरच्या अडचणीत एकमेकींचं काम सांभाळणं हे बायका फार छान करतात आणि त्याच वेळी त्यातून मूक राग साठत जातो, खासकरून जिला मुलं नाहीत तिच्या मनात, कारण तिच्या संध्याकाळी सगळ्यांनी रिकाम्या धरलेल्या असतात. कुणाची अडचण मोठी याची तुलना करू नका. कव्हर केलेले तास त्याच शीटवर येऊ द्या आणि परत करा, कारण काहीही असो.

आता रिपोर्टवरून वाजलं त्या दोघींचं. मी त्यांना एका खोलीत बसवून मन मोकळं करायला लावणार नाही, ते सिनेमात बरं दिसतं. एकेकीला वेगळं भेटा आणि फक्त रिपोर्टबद्दल विचारा: तुझ्या मते तुझा भाग कुठे संपत होता, तिचा कुठे सुरू होत होता, शेवटचा बदल कोणी करायचा असं ठरलं होतं. माझा अंदाज आहे दोघींची उत्तरं जुळणार नाहीत, आणि तेच भांडण आहे, स्वभावबिभाव काही नाही. मग तिघींनी वीस मिनिटं बसून ते लिहून काढा, शेवटचा शब्द कोणाचा ते पण (पुढच्या वेळी दुसरीचा). त्यानंतर त्या गोड बोलतात की नाही याकडे बघू नका. मेलवर काम होत असेल तर मेल काय वाईट आहे, लेखी राहतं.

आणि पुढच्यासाठी एक नियम सगळ्यांनी मिळून ठरवा: कामाबद्दल जिच्याशी पटलं नाही तिलाच आधी सांगायचं, तिसरीला नंतर. दोन दिवसांच्या आत. आपल्याकडे होतं काय, बाईने सरळ सांगितलं तर ती उद्धट ठरते हे लहानपणापासून माहीत असतं म्हणून आपण आडून बोलतो, तिसरीजवळ मन हलकं करतो, तिसरी चौथीला सांगते, आणि मूळ बाईला कळतं तेव्हा त्या गोष्टीचं पार रूप बदललेलं असतं. सरळ बोलायचं म्हणजे कडक बोलायचं नाही. "तू माझ्या आकड्यात बदल केलास आणि मला सांगितलं नाहीस, क्लायंटने विचारलं तेव्हा मला उत्तर देता आलं नाही, पुढच्या वेळी बदलायच्या आधी मला फोन कर." काय झालं, त्याने काय अडलं, पुढे काय हवं. "तू नेहमीच असं करतेस" मधला तो 'नेहमीच' काढला की अर्धं काम होतं. आणि जिला सांगितलं जातंय तिने लगेच सफाई द्यायची नाही, "बरं, बघते" म्हणायचं, उद्या उत्तर दिलं तरी चालतं. कोणी तुमच्याकडे तिसरी म्हणून आलं तर ऐकून घ्या आणि विचारा, "तिला सांगितलंस का?" दर वेळी हाच प्रश्न आला की लोक यायचे कमी होतात.

वरच्या बायकांकडून अपेक्षांबद्दल थोडं. बायकांना सल्ला देणारे पुष्कळ मिळतात, पण त्या खोलीत नसताना त्यांचं नाव पुढे करणारे कमी, हे हर्मिनिया इबारा यांनी 2010 मध्ये मांडलंय आणि माझा पण अनुभव तोच आहे. तेव्हा ज्युनियरला तासभर मार्गदर्शन करण्यापेक्षा एका मोठ्या कामासाठी तिचं नाव सुचवा, त्याला दोन मिनिटं लागतात. पण सीनियर बाईला याची किंमत पडू शकते, 2017 मध्ये डेव्हिड हेकमन आणि इतरांच्या अभ्यासात दिसलं की बायका आणि गोरे नसलेले लोक यांना पुढे आणणाऱ्या स्त्री मॅनेजरला स्वतःचं रेटिंग कमी मिळतं, गोऱ्या पुरुष मॅनेजरला तो तोटा होत नाही. म्हणून नाव सुचवताना "बायकांना संधी द्यायला हवी" हे वाक्य टाळा, काम सांगा: तिने अमुक केलं, तमुक वेळेत केलं, हे काम तिला जमेल. आणि टीममधल्या पुरुषांना पण सांगा नाव घ्यायला, त्यांना ते फुकटात पडतं.

आता माहिती वाटून घेण्याबद्दल, जी मला सगळ्यात ताकदीची गोष्ट वाटते. एमआयटी या अमेरिकेतल्या विद्यापीठात नॅन्सी हॉपकिन्स नावाच्या जीवशास्त्रज्ञ होत्या, त्यांना प्रयोगशाळेसाठी जागा पुरेना. त्यांनी शेवटी टेप घेऊन स्वतः सगळ्यांच्या प्रयोगशाळा मोजल्या आणि पुरुषांकडे जास्त जागा आहे हे आकड्यात निघालं. तोपर्यंत तिथल्या प्रत्येक प्राध्यापिकेला वाटत होतं की ही माझी एकटीची अडचण आहे, माझंच काहीतरी कमी पडतंय. हॉपकिन्सनी तक्रारीचं पत्र लिहिलं आणि ते एका सहकारी प्राध्यापिकेला, मेरी लू पार्ड्यू यांना, बिचकत दाखवलं, तर त्या म्हणाल्या मला पण सही करायचीये. 1994 मध्ये अशा 16 जणी मिळून डीनकडे गेल्या. कमिटी बसली, पगार, जागा, पदं सगळं तपासलं, 1999 मध्ये अहवाल बाहेर आला आणि संस्थेच्या अध्यक्षांनी भेदभाव झाल्याचं मान्य केलं. त्या सोळा जणींचं एकमेकींशी किती जमत होतं याला काही महत्त्व नव्हतं, आकडे एकत्र ठेवले हे महत्त्वाचं.

बीबीसीचं उदाहरण अजून जवळचं. जुलै 2017 मध्ये मोठ्या पगाराच्या लोकांची यादी जाहीर करावी लागली, त्यातला फरक बघून 40 हून जास्त बायकांनी मिळून महासंचालकांना उघड पत्र लिहिलं. पुढे बीबीसीसाठी चीनच्या बातम्या सांभाळणाऱ्या संपादक कॅरी ग्रेसी यांनी जानेवारी 2018 मध्ये ते पद सोडलं, आणि काही महिन्यांनी त्यांची माफी मागून थकबाकी दिली गेली, ती त्यांनी दान केली.

तुमच्या टीममध्ये इतकं मोठं काही करायची गरज नसेल. पण पगारवाढ मागायच्या आधी दोघीतिघींनी एकमेकींना निदान पट्टा सांगितला, म्हणजे अमुक ते अमुक यामध्ये, तरी मागताना अंधारात उडी राहत नाही. त्याआधी आपल्या नोकरीच्या कागदात आणि तिथल्या कायद्यात पगाराबद्दल बोलण्याविषयी काय आहे ते वाचा, कुठे मोकळीक आहे कुठे नाही. जिला कमी मिळतंय असं निघेल तिच्यासमोर हळहळत बसू नका, आणि जिला जास्त मिळतंय तिच्यावर रुसू नका, तिने ते आकडे ठरवलेले नाहीत. उलट तिने काय मागितलं, कधी मागितलं, कोणाकडे मागितलं हे विचारून घ्या.

शेवटचं, फक्त बायकांचा वेगळा ग्रुप काढावा का? काढा, पण त्यात काय बोलायचं ते ठरवून. महिन्यातून एकदा, तासभर, तीन गोष्टी: कोणाचं नाव कुठल्या कामासाठी पुढे करायचं, शीटवर काय दिसतंय, आणि कोणाला कशात मदत हवीये. ऑफिसच्या निर्णयांची चर्चा तिथेच संपू देऊ नका, जे बाकीच्या तिघा पुरुषांशी संबंधित आहे ते त्यांच्यासमोर आलं पाहिजे, नाहीतर त्यांना वाटणार आपल्याविरुद्ध काहीतरी शिजतंय आणि त्यात त्यांची चूक नाही. तीच तक्रार सलग तिसऱ्या वेळी निघाली आणि तिच्यापुढे अजून कोणाचं नाव नाही की तारीख नाही, तर त्याच दिवशी ती मॅनेजरला मेल करा, किंवा यादीतून काढून टाका.